भाचीच्या मांडवातले दोन ड्रम

ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. खून नाही, दरोडा नाही, मळ्यातल्या मांडवातलं साधं लग्न. पण सबंध नोकरीत एवढी मी दुसऱ्या कुठल्या प्रकरणात घाबरले नसेन. नावं सांगत नाही, ती माणसं अजून तिथंच राहतात.

मी शिपाई म्हणून भरती झाले आणि खात्याच्या परीक्षा देत देत फौजदार झाले. तेव्हा नेमणूक मुळशी तालुक्यात होती. सकाळची हजेरी चालू असताना पिरंगुटच्या एका कारखान्यातल्या वॉचमनचा फोन आला. बिचारा दबक्या आवाजात बोलत होता. कीटकनाशकाचा कच्चा माल संपलेले निळे ड्रम आदल्या सकाळी न धुताच भंगाराच्या टेम्पोत गेले होते, आणि वरचे साहेब 'बघू, दुपारनंतर कळवू' म्हणत होते.

"मॅडम, त्या औषधाला वास नसतो," तो म्हणाला. "म्हणून जास्त भीती वाटती."

टेम्पो बाजारातच सापडला, फुलवाल्यापुढं उभा. ड्रम मोजले तर दोन कमी. चालकाला ठाण्यात आणलं. चाळिशीचा माणूस, कोरा सदरा, नवी टोपी, हाताला हळद.

"दोन ड्रम कुठं दिलेस?"

"आठवत न्हाई."

"कालचं आठवत नाही?" हवालदार तापले. "मग लग्न आज हाय हे बरं आठवतंय!"

"अवो, रिकामे ड्रम हायेत ते. रिकाम्याला कसला आलाय कायदा? दंड घ्या न् सोडा मला. भाचीचं लगीन हाय मॅडम, मामा म्हणून मागं उभं राहायचंय."

आता बघा, चोरीचा माल लपवणारा माणूस पोलिसाच्या तोंडाकडं बघत राहतो. हा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता. मी हवालदारांना गप्प केलं, चहा मागवला आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"हे बघ दादा, तू म्हणतोस ते रिकामं वेगळं आणि कायद्यातलं वेगळं. विषारी रसायनाचा ड्रम मोकळा झाला तरी नियमात तो धोकादायक कचराच. त्याला गाडी वेगळी, परवाना वेगळा."

"असंल. पण आतनं घासलेत की! राखेनं, चुन्यानं. दिवसभर उन्हात ठेवले. वास पार गेला."

भंगारातला ड्रम राखेनं कोण घासत बसतं? तिकडं ड्रमवर एवढी मेहनत एकाच कामासाठी घेतात, पंगतीला मठ्ठा करायचा असला की. रुंद तोंडाच्या ड्रममध्ये मठ्ठा घुसळायचा आणि स्टीलच्या जगानं उपसून वाढायचा. वास गेला की ड्रम शुद्ध झाला, अशी सगळ्यांची समजूत.

"मठ्ठ्याला दिलेस?"

त्यानं पुन्हा घड्याळाकडं बघितलं.

"अरे, वास गेला तो प्लास्टिकचा. विषाला वासच नाही. ते आत तसंच असेल."

त्यानं तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच मागं घेतला. "मॅडम, सांगितलं तर मी अडकंन का?"

खरं सांगते, 'नाही' म्हणायचा मोह झाला. पण मांडवात माणसं होती आणि समोर त्यांचाच माणूस होता. खोटं बोलवेना.

"अडकशील. इथं तू माझ्यापुढं बोललास ते कोर्टात चालत नाही. पण तुझ्या सांगण्यावरून ड्रम सापडले, तर ते चालतात. शिवाय माणसानं खावं-प्यावं म्हणून केलेलं ते सगळं कायद्यानं अन्नच, मठ्ठासुद्धा, त्यात घातलेलं पाणीसुद्धा. म्हणजे अन्नाचाही कायदा लागेल."

त्यानं कप खाली ठेवला. "नांदे गावाच्या अलीकडं मळ्यात मांडव हाय. बहिणीला म्याच दिले. चला मॅडम, लवकर चला!"

रुग्णवाहिकेला निरोप देत आम्ही जीप काढली. रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या, पाण्याचे टँकर. सायरन लावूनही वाट मिळेना. तो मागं बसून सारखा फोन लावत होता. "आक्के, उचल की गं! आगं उचल!" तिकडं बँड वाजत असणार, कोण उचलतंय.

पोचलो तेव्हा अक्षता पडल्या होत्या. मामाच्या जागी दुसराच कुणी उभा राहून गेला होता. पहिली पंगत बसलेली, आणि वाढपी मठ्ठ्याचा जग घेऊन पहिल्या पानाशी वाकलेला. जीप थांबायच्या आत मामानं उडी टाकली.

"वाढू नका! म्या इख दिलंय, इख!"

बँड थांबला. "मामा सकाळीच टाकून आला वाटतं," नवऱ्या मुलाकडचा एक पाहुणा हसला. पण मी झाकणं घालून ड्रमवर शिपाई उभे केले आणि विचारलं, "कुणी प्यायलंय का?"

आचाऱ्यानं हात वर केला. "मीठ बघाया घोटभर घेतला." तोही हसतच होता. रुग्णवाहिकेत चढताना मात्र त्याला दरदरून घाम सुटला, तोंडातून लाळ गळायला लागली. मग मांडवात कुणी हसलं नाही. बायांनी लेकरांना जवळ ओढलं. जो तो आपल्या माणसाच्या तोंडाकडं बघत होता. आचारी वाचतो असं डॉक्टर म्हणाले तेव्हा ऊन उतरलं होतं.

अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी नमुने घेतले. कारखान्याच्या जबाबदार माणसांवर गुन्हा दाखल झाला, तसाच मामावरही.

सासरी निघण्याआधी नवरी नवऱ्याला घेऊन ठाण्यात आली. तिचा मामा मागच्या नळावर साबणानं हात धूत होता, कितव्यांदा कोण जाणे. ती पाया पडायला वाकली तसे त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"लांबूनच गं बाय. हात अजून चांगलं न्हाईत माझं."

"मामा, डोक्यावर हात ठेव. नायतर मी हितनं हलायची न्हाई."

त्यानं हात काही पुढं केला नाही. भिंतीला टेकून रडत राहिला.

तो माणूस मला फसवत नव्हता. त्याच्या लेखी ते ड्रम खरंच रिकामे होते. त्यानंतर कुणीही 'रिकामं आहे' म्हटलं, की आधी त्यात काय होतं आणि आता काय भरणार, एवढं विचारल्याशिवाय मी पुढं गेले नाही. कायद्यातल्या व्याख्या आम्ही माणसाला सांगतो त्या गुन्हा लिहितानाच. त्याच्या हातांत शिरलेली ती भीती ड्रम उचलायच्या आधी कुणी त्याला दिली असती, तर अक्षता पडताना भाचीच्या मागं तोच उभा असता.