वरच्या टोकाचं गुडघाभर पाणी

गल्लीत सगळे त्याला बरंकाका म्हणायचे. कुणी काहीही सांगा, त्याच्या तोंडातून एकच निघायचं, "बरं, बरं." भिंत पिवळी हवी? बरं, बरं. नको, आता हिरवीच करा? बरं, बरं. बायको म्हणायची, "ह्यांना उद्या कुणी सांगितलं, स्वतःचं नाक रंगवा, तर विचारतील, एक हात मारू की दोन?"

धंद्याने रंगारी. चाळीस वर्षं शिडीवर उभं राहून गुडघे कुरकुरायला लागलेले. नखांच्या कडेला पांढरा रंग कायमचा जाऊन बसलेला, जेवताना बायको रोज नाक मुरडायची. पण हात असा, की पट्टी न लावता रेघ ओढली तरी केसभर इकडची तिकडे व्हायची नाही. त्या हाताचा त्याला फार अभिमान. आणि त्याच हाताने त्याला भरल्या गल्लीत मान खाली घालायला लावली.

अठरा वर्षांपूर्वी नदी गल्लीत शिरली होती. दोन दिवस राहिली आणि चिखल ठेवून गेली. नंतर कचेरीतून निरोप आला, की पाणी जिथवर चढलं तिथे प्रत्येक घराच्या भिंतीवर लाल रेघ मारा, म्हणजे पुढच्या माणसांना कळेल. काम बरंकाकाकडे आलं.

आता ही गल्ली दिसायला सपाट. पण सायकलवर बसा, पायडल न मारता खालच्या टोकाला पोचाल. वरच्या टोकाला बरंकाकाचं घर, खालच्या टोकाला नदीच्या अंगाला शेवटचं घर, आणि दोघांत साडेतीन फुटांचा उतार. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी त्याने आणली, तीत पाणी भरलं. एक टोक बायकोच्या हातात, एक स्वतःच्या. नळीतलं पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला उभं राहतं, त्याला उतार-चढ काही कळत नाही. त्या पातळीने तो घर घर करत खाली गेला. स्वतःच्या दारात रेघ आली गुडघ्याला. मधल्या बेकरीपाशी कमरेच्या वर. शेवटच्या घरात गळ्याला. रेघ एकच, सरळच्या सरळ, जमीन तेवढी खाली खाली जात होती. लोक बघायला आले. सलूनवाला म्हणाला, "काका, नदीनेसुद्धा इतकी सरळ मारली नसती."

पुढे चार वर्षांनी मुलीचं लग्न ठरत आलं. तिच्या होणाऱ्या सासरची माणसं घर बघायला यायची होती. बायको म्हणाली, "अहो, ती रेघ दिसली तर म्हणतील, पाण्यात बुडणाऱ्या घरातली मुलगी. पुसून टाका ना."

"बरं, बरं," तो म्हणाला.

लाल रंग मोठा हट्टी. पांढऱ्याचा एक हात मारला, गुलाबी होऊन वर आला. दुसरा मारला, तरी उन्हात दिसायचा. मग पॉलिश पेपरने घासून, पुट्टी भरून, तिसरा हात मारला तेव्हा कुठे गेला.

झालं. शेजाऱ्याने बघितलं. त्याला खोली भाड्याने द्यायची होती. "तुमची पुसलीत, मग आमची का नाही?" बरं, बरं. मग बेकरीवाला, मग सलूनवाला. दहा वर्षांत गल्लीतली एक एक रेघ त्यानेच गिळली. सगळ्यात शेवटी राहिली ती खालच्या घरातली, गळ्याची. तिथे शिवणकाम करणारी एक बाई, तिची लहान मुलगी आणि पायाने अधू झालेली सासू राहायला यायच्या होत्या. घरमालकाने त्या यायच्या आदल्या दिवशी बरंकाकाला बोलावलं. तीन हात. वर आकाशी रंग, बाईला आवडतो म्हणून.

आणि मग गेल्या साली ती यादीवाली आली.

यादीवाली म्हणजे कचेरीतली नवी मुलगी. पंचविशीही गाठली नसेल. पूर आला तर कुठल्या घरात किती पाणी, कोण म्हातारं, कोण आजारी, कुणाला आधी हलवायचं, ह्याची यादी करत गल्लोगल्ली फिरायची. चप्पल तुटलेली, ती सेफ्टी पिनने जोडलेली. ती बरंकाकाच्या ओट्यावर टेकली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "काका, सगळे म्हणतात तुम्ही इथले सगळ्यात जुने. मागे पूर आला तेव्हा गल्लीत किती पाणी होतं हो? कचेरीच्या कागदात रेघा मारल्यात असं लिहिलंय, पण मला तर एकही दिसली नाही."

समोरून बेकरीवाला बघत होता. सलूनवाला हातात कात्री तशीच धरून उभा होता. खरं सांगावं, तर रेघा कुणी पुसल्या हेही सांगावं लागणार. मग कुणाच्या सांगण्यावरून, हेही.

त्याने हात पुढे केला आणि गुडघ्यापाशी धरला. "इतकं. एवढंच."

"गुडघाभर? सगळ्या गल्लीत?"

"बरं... म्हणजे, हो. इथे एवढंच होतं."

इथे. म्हणजे त्याच्या दारात. खोटं कुठे बोललो, असं त्याने स्वतःला समजावलं. माझ्या दारात गुडघाभरच होतं की. मुलीने लिहून घेतलं आणि त्याचे आभार मानले. बेकरीवाल्याने तिला पाव दिला, तोही जरा मोठाच.

तिने गल्लीत सगळ्यांना बसवून समजावलं, की पाणी गुडघ्यापर्यंत येईल, तेव्हा सामान त्याच्या वर चढवा, म्हाताऱ्या माणसांची खाट विटांवर ठेवा. चांगलं समजावलं. शिवणवालीने तर तिच्यासमोर विटा मोजून मांडल्या. बरंकाका मागे उभा राहून भिंतीकडे बघत राहिला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, भिंत त्यानेच रंगवलेली.

ह्या साली वरच्या भागात चार दिवस पाऊस कोसळला, आणि एका दुपारी खालच्या टोकाला पाणी आलं. गडबड नाही, आरडाओरडा नाही. सगळं यादीप्रमाणे. शिवणवालीने मशीन टेबलावर चढवली, शाळेचे शिवलेले तीस शर्ट त्यावर ठेवले, सासूला विटांवरच्या खाटेवर नीट बसवलं. "आई, मी पोरीला शाळेतून घेऊन आलेच," म्हणून गेली. नदीवरच्या पुलावरून पलीकडे गेली आणि मागे पूल बंद झाला.

बरंकाका आपल्या ओट्यावर चहाचा कप घेऊन उभा होता. त्याच्या दारात जमीन कोरडी ठाक. खालून सलूनवाला पँट गुंडाळून वर आला, हसत. "झालं काका, गुडघ्याला लागलं. आता थांबेल. मागचं कुणाला आठवतंय, यादीत गुडघाच लिहिलाय ना?"

"बरं, बरं," बरंकाका म्हणाला. पण खालच्या टोकाला गुडघा म्हणजे काहीच नव्हे. तिथे गुडघा म्हणजे अजून तीन-साडेतीन फूट यायचंय. हे अख्ख्या गल्लीत त्याच्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा नळी त्याच्याच हातात होती.

तरी तो हलला नाही. कदाचित ह्या खेपेला थांबेल, असा विचार केला. चहाचा घोट घेतला. दुसरा घेतला. एवढ्याचीच पुढे त्याला जन्मभर लाज वाटणार होती. पूर कुणाच्या हातात नसतो, पण तो चहा त्याच्या हातात होता.

बायको मागून आली. हळूच म्हणाली, "अहो, खालच्या घरात तेव्हा गळ्याला होतं ना हो? म्हातारी एकटी आहे."

कप कुठे पडला ते त्याला कळलं नाही. कुरकुरणारे गुडघे घेऊन त्याने शिडी खांद्यावर टाकली. "चल माझ्याबरोबर," सलूनवाल्याला ओरडला, "ते गुडघ्याचं खोटं आहे!"

पोचेपर्यंत खालच्या घरात कमरेच्या वर पाणी. खाट बुडालेली. म्हातारी खिडकीच्या गजाला दोन्ही हातांनी धरून बसलेली, पाणी तिच्या काखेपर्यंत. आणि तिच्या समोर टेबलावरची मशीन पाण्यात डोकं वर काढून बसलेली, दुसऱ्या म्हातारीसारखी. शर्ट घरभर तरंगत होते. त्याने शिडी आडवी केली, ओल्या शर्टांच्या बाह्यांनीच म्हातारीला शिडीवर बांधलं, आणि दोघांनी तिला बेकरीच्या माडीवर नेलं.

वाटेत म्हातारी दातावर दात वाजवत म्हणत होती, "आम्ही सांगितल्यासारखं सगळं केलं रे. विटासुद्धा लावल्या होत्या. कुठे चुकलं?"



म्हातारी वाचली, पण पाणी छातीत गेलं. अकरा दिवस दवाखान्यात. मशीन गेली, शर्ट गेले. गल्लीत मात्र बरंकाकाचा मान वाढला. जो तो पाठीवर थाप मारी. शिवणवालीने तर त्याचे पायच धरले. "काका, तुम्ही नसतात तर! पण तुम्हाला इतक्या लवकर कळलं कसं हो? आम्ही तर गुडघाच धरून बसलो होतो."

तो पाय मागे घेऊन जवळजवळ पळाला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

"मग खा की शिव्या," बायको म्हणाली. "मिळवायला कितीसा वेळ लागतो? खरं सांगा फक्त." मग म्हणाली, "मलाही मिळतील त्यातल्या. पहिली रेघ माझ्याच सांगण्यावरून गेली."

पुढच्या आठवड्यात शाळेच्या मोठ्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. कचेरीतले साहेब खुर्चीवर, लोक मुलांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लागलेले. यादीवाली एका कडेला उभी. डोळे सुजलेले.

"गुडघाभर असं लिहिणारी तूच ना?" साहेबांनी विचारलं. "खालच्या टोकाला पाच फूट पाणी होतं. एक जीव जाता जाता राहिला. तुला ह्या कामावर का ठेवायचं?"

बेकरीवाला म्हणाला, "नवी पोरं काय, कागद भरून मोकळी होतात."

मुलगी म्हणाली, "मी चुकले साहेब. मला एका माणसाने सांगितलं, मी त्यावर विश्वास ठेवला. घरोघर जाऊन पडताळायला हवं होतं. उतार बघायला हवा होता."

"कोण माणूस?"

बरंकाकाकडे तिने नजरसुद्धा वळवली नाही. नाव घेतलं असतं तर तो म्हणाला असता, म्हाताऱ्या माणसाची आठवण ती, चुकली. पण तिने त्याला वाचवलं, आणि ते त्याला सहन होईना. धरणी पोटात घेईल तर बरी, असं झालं. मुलांच्या बाकावरून उठताना त्याचा गुडघा असा कटकन वाजला, की सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मी," तो म्हणाला. "मी सांगितलं. माझ्या दारातलं सांगितलं आणि तिला वाटू दिलं, की सगळ्या गल्लीतलं आहे. तिने रेघांचं विचारलं होतं. रेघा मी पुसल्या. सगळ्या. तीन तीन हात मारून."

बेकरीवाला आपल्या चपलांकडे बघायला लागला. सलूनवाला खिडकीबाहेर. खालच्या घराचा मालक मघाशी पुढे बसला होता, तो आता कुणाच्या तरी पाठीआड गेला. कुणी सांगितलं म्हणून पुसल्या, हे बरंकाका सांगेल की काय, ह्याची प्रत्येकाला धास्ती. त्याने नाही सांगितलं. सांगितलं असतं तर लाज सगळ्यांत वाटली गेली असती, आणि त्याला ती वाटून घ्यायची नव्हती.

शिवणवाली उठली. त्याला वाटलं, आता थोबाडात मारेल. ती म्हणाली, "आमचीही होती?"

"होती. गळ्याला. आकाशी रंगाखाली आहे."

ती तडक बाहेर गेली.

साहेबांनी त्याला बरंच सुनावलं. ते त्याला ऐकू आलं नाही. एवढंच कळलं, की मुलीला कामावर ठेवलं, आणि गल्ली पुन्हा मोजायची असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरवडणी घेऊन खालच्या घरी गेला. शिवणवालीने दार उघडलं, बाजूला झाली, बसा म्हणाली नाही. पुराने ओली झालेली भिंत फुगली होती. त्याने खरवडणी लावली तसे आकाशी पापुद्रे हाताएवढे सुटून आले, मग पांढरे, मग गुलाबी. आणि मग ती रेघ. त्याचीच. केसभर इकडची तिकडे नाही. नव्या चिखलाची खूण तिच्या चार बोटं वर.

म्हातारी कालच दवाखान्यातून आली होती, नव्या खाटेवर बसून बघत होती. श्वास घेताना छातीत घरघर. "सुरेख मारलीस रे," ती म्हणाली. "आम्हाला आधी दाखवली असतीस, तर आम्ही विटा नसत्या लावल्या. सरळ माडीवर गेलो असतो."

तो खरवडत राहिला.

यादीवाली आली, नवी यादी घेऊन. चप्पल तीच, पिन नवी. नळीचं एक टोक तिने उचललं. "काका, मी इथे धरते. तुम्ही वर चला. प्रत्येक घराचं वेगळं लिहायचं."

"मुली, मी त्या दिवशी..."

"नळी हलवू नका," ती म्हणाली. "पाणी स्थिर होऊ दे."

त्याने नळी धरली. घर घर करत ते चढत गेले. जिथे तिथे दारं आपोआप उघडली, कुणी स्टूल आणून दिलं, कुणी फडकं. बेकरीवाल्याने स्वतः खरवडायला हात लावला आणि भलताच भाग खरवडला.

वरच्या टोकाला बायको दारात उभी होती. "जावई येणार आहेत रविवारी," ती म्हणाली, पण दारातून बाजूला झाली आणि त्याच्या हातात लाल रंगाचा डबा दिला. डबा तिने आधीच उघडून ढवळून ठेवला होता.

यादीवालीने आकडा लिहून घेतला. "माहिती कुणी दिली, असा रकाना आहे. काय लिहू?"

"रंगारी लिही. वरचं टोक."

"आणि रेघ आधी होती, मग नाहीशी झाली, ते का, असाही एक रकाना मी घातलाय."

तो आपल्या दारातल्या, गुडघ्याएवढ्या खुणेपुढे ब्रश घेऊन वाकला. रेघ पहिल्यांदाच जरा वाकडी आली. पुसून पुन्हा मारावी, असं वाटलं. त्याने ब्रश खाली ठेवला.

"लिही," तो म्हणाला. "माझ्यामुळे."