बिडाचा मॅनिफोल्ड आणि शिर्केची दोरी

सन १९६०. मार्च महिना. शिमगा होऊन गेला होता, पाडवा यायचा होता. दुपारी लालबागच्या रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं.

टॅक्सी स्टँडवर चार माणसं गिऱ्हाइकाची वाट बघत बसली की किस्से साठतात. डिकीत सुटे नट-बोल्ट साठतात, तसे. कुठला कधी पडला आठवत नाही, आणि टाकूनही देववत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही. झालं तेवढंच सांगतो. तिखटमीठ लावायची मला गरज नाही, कारण मी जिंकलो होतो.

*

माझी टॅक्सी जुनी विलायती, चार सिलिंडरची. सपाट रस्त्यावर घोडा, चढ दिसला की म्हैस.

माझगावची पारूबाई कोळीण माझं रोजचं गिऱ्हाईक. सकाळी पापलेटच्या टोपल्या घेऊन मलबार हिलच्या बंगल्यांना जायची. माझ्या घरची चूल तिच्या भाड्यावर पेटायची. त्या दिवशी गिब्स रोडच्या चढावर, निम्म्यात, गाडी धापा टाकून थांबली.

मी म्हणालो, "पारूबाई, जरा उतरा. हलकी झाली की चढेल."

ती टोपलीवर हात ठेवून बसून राहिली. "मी नाय उतरनार! चढाचं पैसं दिलंय, चालायचं नाय!"

मागून आमच्याच स्टँडवरचा शिर्के आला. साताऱ्याचा. टॅक्सी नवी कोरी आणि मिशी तिच्याहून चकचकीत. त्याने डिकीतून जाड दोरी काढली, माझ्या गाडीला बांधली आणि मला वर ओढत नेलं. हळूहळू, भोंगा वाजवत! पानवाला, दूधवाला, बंगल्यांचे माळी, सगळ्यांनी बघून घेतलं.

वर पोचल्यावर मी दोरी सोडून त्याच्यापुढे धरली.

"ठेव लेका तुझ्याचकडं," शिर्के म्हणाला. "उद्या परत लागंल!"

पारूबाईने टोपल्या उतरवल्या. "बाबू," ती म्हणाली, "महाराष्ट्र होईपरेंत गारी सुधर. नायतर मी शिर्केच्या गारीन जाईन. मासा कुनासाठी थांबत नाय."

मुंबईसह महाराष्ट्र होणार हे तोवर नक्की झालं होतं. दिवस तेवढा यायचा होता.

दोरी मी डिकीत टाकली. उपकार अंगावर ठेवायची आमच्या घरात पद्धत नाही.

*

धोंडू कांबळे परळच्या एका मिलच्या वर्कशॉपात टर्नर होता. आमची ओळख संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यातली. लाठीमार झाला तेव्हा दोघं एकाच हातगाडीखाली शिरलो होतो. तिथून निघालो ते दोस्त होऊनच.

त्याने बॉनेट उघडून बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "बाबू, तुझ्या गाडीला पडसं झालंय."

"म्हणजे?"

"नाक चोंदलंय तिचं."

कार्बोरेटरमधून इंजिनाच्या चार भोकांत हवा-पेट्रोल नेणारा जो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, नळ असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. गाडीच्या आधीच्या मालकाने तिथे लहान इंजिनाचा मॅनिफोल्ड बसवला होता. इंजिनाची तोंडं मोठी, मॅनिफोल्डची बारकी. हवा पोचणार कशी?

मला पटेना. कांबळे म्हणाला, "नाकपुडी दाब आणि तुझ्या चाळीचे जिने चढून बघ."

मी दाबली आणि चढलो. तिसऱ्या मजल्यावर पटलं.

परदेशातून माल येणं बंद होतं. बरोबर मापाचा मॅनिफोल्ड कुठे मिळेना. चोरबाजारात मिळाला तोही तसलाच लहान. ठरलं असं, की गाडी जुन्यावर चालवायची, हा घरी घासून मोठा करायचा आणि तयार झाला की बदलायचा.

कांबळेने एकच ताकीद दिली. "भोकं मोठी कर, पण भिंत फोडू नको. बीड आहे. गोधडीसारखं ठिगळ लागत नाही त्याला!"

*

किती घासायचं ते कळायला खूण लागते. मिलमध्ये त्याला खास निळा रंग असतो. कांबळे म्हणाला, "तो हाताला लागला की चार दिवस जात नाही. गेटवरचा पठाण हातच बघतो."

मी सावित्रीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, कुंकू खोबरेल तेलात कालवायला घेतलं.

"अहो, कपाळाचं आहे ते!"

"गाडी चढली तर नवीन आणतो. नाही चढली तर कुंकवासकट सगळ्याचीच पंचाईत आहे."

तिने डबीच पुढे सरकवली.

इंजिनाच्या मापाचं गॅस्केट, म्हणजे सांध्यात बसतं ते भोकांचं पातळ पान, कुंकवाने माखून मॅनिफोल्डच्या तोंडांवर दाबलं. लाल ठसे उठले. जिथे लाल लागलं नाही तेवढं बीड काढायचं. ठसे वाळायला मॅनिफोल्ड पाटावर ठेवला, पाट गॅलरीत ठेवला आणि मी धंद्याला गेलो. पाडव्याचा दिवस होता.

परत येऊन बघतो तर मॅनिफोल्डला झेंडूचा हार! पुढे साखरेच्या गाठी, कडुलिंबाची डहाळी, उदबत्ती. शेजारच्या तारामावशी हात जोडून उभ्या, आणि त्यांच्यामागे चाळीतल्या बायका नारळ घेऊन रांगेत.

"कुठला देव म्हणायचा रे हा, बाबू?" तारामावशींनी विचारलं. "चार तोंडं आहेत. ब्रह्मदेव का?"

"गाडीचा मॅनिफोल्ड आहे, मावशी."

"नाव काही असू दे. आता पुजलाय. त्याला कानस लावशील तर बघ!"

तारामावशींशी भांडून चाळीत कोणी सुखाने राहिलेलं नव्हतं. मी आंघोळ केली, सोवळं नेसलो, अक्षता टाकल्या आणि पाट जागचा हलवला.

"झालं विसर्जन. आता ते लोखंड आहे."

मावशींनी गाठी उचलल्या. "बरं," म्हणाल्या. "मग गाठी मी नेते. प्रसाद आहे."

*

घरी कानस चालवणं म्हणजे खायचं काम नाही. शिकंजा नव्हता. मॅनिफोल्ड पाट्या-वरवंट्याच्या मध्ये दाबायचा, वर गुडघा द्यायचा आणि गोल कानस फिरवायची. आवाज असा, की खालच्या मजल्यावरची मांजर माहेरी निघून गेली.

बिडाचा कीस घरभर उडायचा. एक दिवस जेवताना दाताखाली कचकन आलं. मी सावित्रीकडे बघितलं.

"आमटीत लोखंड आहे," ती म्हणाली. "डॉक्टर अंगात लोखंड कमी आहे म्हणतातच. वाढू अजून?"

मी वाढून घेतली. चूक माझी होती.

तोंडं मोठी झाली, पण आतल्या वळणात कानस पोचेना. तिथे बिडाचा खडबडीत उंचवटा होता. बोट घातलं की लागायचा. कांबळेने मिलमधली सुताची दोरी आणि घासायची पूड आणून दिली. दोरी तेलात भिजवून पुडीत लोळवायची, वळणातून आरपार ओवायची आणि दोन्हीकडून आळीपाळीने ओढायची.

दुसरं टोक धरायला माणूस हवा. सावित्रीने पदर खोचला आणि समोर बसली. तिचं माहेर देवगडकडचं, लहानपणी घरी म्हशी होत्या. ताक घुसळायचा हात होता. तिची लय चुकायची नाही, माझी चुकायची.

"सोडा, सोडा... आता ओढा! ताणू नका हो, लोणी फाटेल!"

रोज संध्याकाळी आम्ही असे घुसळत बसायचो. एका संध्याकाळी मी बोट घातलं तर आत काचेसारखं गुळगुळीत. कांबळे आला, त्याने बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलंच नाही. सावित्रीला म्हणाला, "वहिनी, आमच्या वर्कशॉपात येता का?"

*

मॅनिफोल्ड बसवला. स्टँडवर सगळे जमले. शिर्के मिशीला पीळ देत पुढेच. मी गाडी सुरू केली, ॲक्सिलरेटर दाबला.

धडाम!

कार्बोरेटरमधून उलटा भडका आला. लालबागमधला गोळीबार थांबून वर्षं झाली होती, पण कानांना ते माहीत नव्हतं. समोरच्या किराणावाल्याने खाडकन शटर ओढलं. त्याचं बघून पलीकडच्याने. मग इराण्याने गिऱ्हाइकांसकट! शटरांचा आवाज परळच्या दिशेने जात जात लांबवर विरला.

एक हवालदार धावत आला. "कोणी पुकारला बंद?"

शिर्केने माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यानं! एकट्यानं!"

कांबळे सुटी झाल्यावर आला, तेव्हा दुकानं परत उघडली होती. सगळं ऐकून तो म्हणाला, "हवा वाढवलीस, पेट्रोल कोण वाढवणार? वाऱ्यावर जगायला ती काय साधू आहे?"

पेट्रोल येतं ते कार्बोरेटरमधलं बारीक भोक, त्याला जेट म्हणतात. कांबळेने ते लेथवर केसभर मोठं करून आणलं. बसवलं. गाडी गुरगुरली. तसा आवाज मी तिच्या पोटातून त्याआधी ऐकला नव्हता.

"आता कसं," कांबळे म्हणाला. "पडसं गेलं."

*

एप्रिल संपत आला होता. सकाळी पारूबाईला माझगावहून घेतलं. टोपल्या नेहमीपेक्षा जास्त. मुद्दाम आणल्या होत्या का, हे मी विचारलं नाही.

गिब्स रोड आला. मी गिअर बदलला. मागे पारूबाईने सीट घट्ट धरली. मागच्या वेळी जिथे थांबलो होतो तिथला पानवाला ठेल्याबाहेर येऊन उभा राहिला होता. मी त्याच्यापुढून गेलो. गाडी थांबली नाही, तिला धाप लागली नाही. वळणावर पुढे एका सेठजीची मोठी मोटार चालली होती. मी भोंगा दिला, तिने बाजू दिली!

वर पोचलो. पारूबाईने टोपलीचं फडकं उचलून आत बघितलं.

"बर्फ पन नाय हलला," ती म्हणाली.

माझ्या धंद्यात मला मिळालेलं सर्टिफिकेट एवढंच. दुसरं मी कधी मागितलं नाही. एक मोठं पापलेट तिने माझ्या शेजारच्या सीटवर ठेवलं आणि टोपली डोक्यावर घेऊन चालू लागली. शिर्केच्या गाडीचं नाव तिने परत काढलं नाही.

दोरी मात्र डिकीत होतीच. शिर्के रोज विचारायचा, "दोरी हाय ना रं? जपून ठेव!"

मी म्हणायचो, "आहे."

*

एक मे उजाडला. महाराष्ट्र झाला.

त्या दिवशी लालबागमध्ये कोण कोणाला पेढे देत होतं, पत्ता नव्हता. तारामावशींनी परत गुढी उभारली. "हाच खरा पाडवा!" म्हणाल्या, आणि त्यांच्यापुढे बोलायची कोणाची टाप होती? संध्याकाळी सगळी मुंबई रोषणाई बघायला निघाली. हँगिंग गार्डनवरून सगळं दिसतं म्हणून जो तो मलबार हिलकडे.

मी टॅक्सीला झेंडूचं तोरण बांधलं. पुढे कांबळे, मागे सावित्री आणि पारूबाई. पारूबाई सगळे दागिने घालून आली होती. माझगावहून येताना तिने भाडं पुढे केलं, मी घेतलं नाही.

गिब्स रोडवर गाडीला गाडी लागलेली. निम्म्या चढावर गर्दी बाजूने सरकत होती. मध्ये एक टॅक्सी उभी. बॉनेट वर, रेडिएटरमधून वाफेचा लोट. नवी कोरी टॅक्सी.

शिर्के रस्त्यात उभा होता. मिशीवर घाम. त्याची म्हातारी आई मागच्या सीटवर, पोरंबाळं फुटपाथवर.

मी गाडी त्याच्या पुढे नेऊन लावली. उतरलो, डिकी उघडली. मी दोरी काढली आणि त्याच्या गाडीला बांधली. पहिल्या दिवशी त्याने बांधली होती, तशीच गाठ.

कांबळे न सांगता उतरला. मी मागच्या खिडकीशी गेलो.

"पारूबाई, आज तरी उतराल का?"

"नाय! चढाचं पैसं दिलंय!"

"आज मी पैसे घेतलेले नाहीत."

"मंग तर मुलीच नाय!"

सावित्रीने पदर खोचला. "चला हो," ती म्हणाली. "ताणू नका. लयीत घ्या."

शिर्के आपल्या गाडीत जाऊन स्टिअरिंगला बसला. मी पहिला गिअर टाकला. दोरी ताठ झाली. क्लचचा वास आला. मग बॉनेटखाली चारी तोंडांनी श्वास घेतला आणि दोन्ही गाड्या हलल्या. पानवाल्याने टाळी वाजवली. बाजूच्या गर्दीने घोषणा दिली, "संयुक्त महाराष्ट्र..." आणि शिर्केची म्हातारी खिडकीतून मूठ बाहेर काढून ओरडली, "झालाच पाहिजे!"

"झाला, आजी, झाला!" लोक हसले.

मी भोंगा वाजवला नाही.

माथ्यावर पोचलो. वर खाली सगळीकडे दिवे लागले होते. मी उतरलो. गाठ सोडली. दोरी नीट गुंडाळली आणि शिर्केच्या हातात दिली.