जिराफाच्या गुडघ्याएवढा

जुळी झाल्यावर मुलीने सोडलेली लॅबची नोकरी तिला परत मिळत होती. कंपू भागातला तोच दवाखाना, तेच काम. सोमवारी रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कोणाला. नातवंडं अडीच वर्षांची, जावई महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर, आणि मी हरिशंकरपुरममध्येच तिच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. मला उत्तर सरळ दिसत होतं. तिला दिसत नव्हतं.

“आई, एक असतं तर तुला जमलं असतं. ही दोघं एकदम पळतात, तेही उलट दिशांना.”

“मग परीक्षा घे,” मी म्हटलं. “रविवारी बायपासवरच्या वॉटर पार्कात जाऊ. तू बाकावर बसायचं. मुलांना हात लावायचा नाही.”

“पार्कात? घरीच घेते ना परीक्षा.”

“घरी कोणीही पास होतं.”

रविवारी निघण्यापूर्वी मी दोघांच्या दंडांवर बॉलपेनने मुलीचा फोन नंबर लिहिला. माझा नाही, कारण पाण्यात उतरायचं तर माझा फोन लॉकरमध्ये राहणार.

“सामान आहेत का ती?” मुलगी म्हणाली.

“सामान हरवलं तर नवीन आणता येतं.”

गेटवरच्या गार्ड बाईने पिशवीत हात घालून दही-भाताचा डबा बाहेर काढला. “बाहर का खाना अलाउड नहीं है।”

“बच्चों का है। तुम्हारे यहाँ दही-भात मिलता है क्या?”

तिने दोन्ही मुलांकडे पाहिलं आणि डबा परत आत ठेवला.

आत शिरताच नातवाला होडीचा झोपाळा दिसला. झोपाळ्याच्या तोंडाशी लाकडी जिराफ उभा होता, मानेवर लाल रेघ. रेघेपर्यंत डोकं पोचेल त्यालाच आत सोडत. नातू जिराफाच्या गुडघ्यापर्यंत आला. त्याने लगेच जमिनीवर बसकण मारली आणि भोकाड पसरलं.

“जेव, थोडा मोठा हो, मग परत ये,” मी सांगितलं.

तो गप्प झाला. उठलासुद्धा. मी बाकाकडे पाहिलं. मुलगी चहा पीत होती आणि तिने हे बघितलं होतं. मला बरं वाटलं.

पुढचे दोन तास चांगले गेले. लहानांच्या टाकीत घोट्याएवढं पाणी होतं. नातवाने त्यात यथेच्छ लोळून घेतलं. नातीने एक अंगठा बुडवला, “ठंडा है” म्हणाली आणि पायरीवर बसून एका मगातलं पाणी दुसऱ्या मगात ओतत राहिली. भरपूर पैसे देऊन घरातल्या मोरीत करायचं तेच केलं. मग जेवण झालं. नेहमी चार घासांवर तोंड फिरवणारा नातू डबा पुसून जेवला. मला त्यातही माझंच कौतुक दिसलं.

नंतर नातीचा ओला फ्रॉक बदलताना तो तिच्या डोक्यात अडकला. बटण काढायचं राहिलं होतं. ते काढून मी मान वर केली तर नातू नव्हता.

आधी पाणी बघितलं. प्रत्येक डोकं बघितलं. नातीला काखोटीला मारलं आणि हाका मारत टाकीभोवती फिरले. बाक पलीकडे होता. एक क्षण वाटलं, तिला न सांगता आधी आपणच शोधावं. तो क्षण मला अजूनही आवडत नाही. मी बाकाकडे वळले.

मुलगी उभी होती, फोन कानाला. “जिराफ के पास? हाँ, हाँ, मेरा ही है।”

आम्ही धावलो. तो जिराफाला पाठ लावून, टाचा जुळवून, हनुवटी वर करून उभा होता. बाजूला तीच गार्ड बाई.

“आंटीजी, हटता ही नहीं। बार-बार पूछता है, अब बड़ा हुआ? अच्छा हुआ हाथ पे नंबर था।”

“आजी, पूरा भात खाया,” त्याने मला बजावलं. “अब देखो.”

मी बघितलं. गुडघाच होता.

परतीच्या गाडीत दोघं मागे झोपली. मुलगी गाडी चालवत होती. मीच म्हटलं, “नापास. कोणी बाई बघू या दिवसभराची.”

तिने सिग्नलला गाडी थांबवली.

“गेल्या आठवड्यात इंदरगंजला तो माझ्या हातून सुटला होता,” ती म्हणाली. “कपडे बघत होते, मागे वळले तर गायब. दुकानदाराने पलीकडच्या फुटपाथवरून उचलून आणला. तुला बोलले नाही.”

“का?”

“तू म्हणाली असतीस, हात सोडलाच कसा.”

“म्हणाले असते.”

ती हसली. मग म्हणाली, “माझ्या हातून सुटला तेव्हा तर त्याच्या दंडावर नंबरपण नव्हता, आई.”

घरी येऊन तिने दवाखान्यात निरोप पाठवला.

सोमवारी साडेआठला ती दोघांना घेऊन दारात आली. दंडांवर नवे आकडे होते, एकावर तिचा नंबर, दुसऱ्यावर माझा, माझ्या अक्षरापेक्षा सुवाच्य. नातू आत येऊन थेट दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला, टाचा जुळवून. मुलगी पर्स खांद्याला लावून घुटमळत होती.

“जा, उशीर होतोय,” मी म्हटलं आणि पेन्सिल शोधायला आत गेले.