दादांना शहर दाखवलं तो शुक्रवार

दादांना कुवेतमधून मीच घालवलं. कंपनीने नाही, फोरमनने तर नाहीच. आमच्या खोलीतले बाकीचे सहा जण अजूनही "नशीब एकेकाचं" म्हणतात. मी त्यांना म्हणू देतो.

आम्ही शहराबाहेर, जहऱ्याला राहायचो. दादा लादीचे मिस्त्री, कुडाळकडचे, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. मी त्यांचा जोडीदार. दोन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू असल्याचं कळलं. समोरचं तेवढं दिसायचं, बाजूचं सगळं गेलेलं. डॉक्टरांनी थेंब दिले आणि सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळा. हे फक्त मला ठाऊक होतं. दादांची मुलगी नर्सिंग शिकत होती, दोन वर्षं ढकलून झाली होती, आता तिचं दीडच वर्ष राहिलं होतं. तेवढं दीड वर्ष दादांना इथे काढायचं होतं, बस. मग दोरी मी ताणायची, लेव्हल मी बघायची, कटर मी चालवायचा आणि दादांनी हातोडीने ठोकत लादी बसवायची, असं आमचं चाललं होतं. कान त्यांचा, डोळे माझे. साइटवर मी कायम त्यांच्या उजव्या बाजूला, कारण त्या बाजूचं अजिबातच दिसत नसे.

अशात कुण्या मराठी मंडळाने 'कामगार बांधवांसाठी मोफत शहरदर्शन' काढलं. बांधव म्हटलं की मला संशयच येतो. पण एका दिवसाची सहल, जेवणाचं पाकीट, सोबत माहिती सांगायला रुमैथियात राहणाऱ्या एक मराठी बाई. बस कंपनीची, म्हणून आमचे फोरमन भाईही येणार होते. भाई रायगडकडचे. माणूस कडक, पण आजाऱ्याला स्वतःच्या गाडीने दवाखान्यात नेणारा.

दादा नको म्हणत होते. "माका थंय काय दिसतला? तू जावन ये."

मीच हट्ट धरला. अकरा वर्षं या माणसाने राजधानीत लाद्या घातल्या, आणि शहर कसं पाहिलं? पहाटे बसमध्ये झोपून यायचं, दिवसभर गुडघ्यावर, संध्याकाळी पुन्हा बसमध्ये झोपून परत. उरलीसुरली नजर आहे तोवर एकदा नीट बघू दे, असं मला मनापासून वाटलं. पोटात माया आणि डोक्यात भुसा, दुसरं काय!

"मी आसंय मा उजवीकडे," मी म्हटलं. तेव्हा कुठे ते इस्त्रीचा शर्ट काढायला उठले.

दुपारपर्यंत सगळं छान झालं. बाई गोड बोलायच्या, जुन्या गलबतांचं, मोत्यांचं, विहिरीच्या पाण्याचं सांगायच्या. मी दादांच्या कानाशी हळूच म्हणायचो, "डावीकडे, उंच." ते मान वळवून ती वस्तू समोर आणायचे आणि मग "वा!" म्हणायचे. एकदा तर त्यांनी स्वतःच एका इमारतीची कमान ओळखली. आतल्या जिन्याची लादी आमची होती. बाईंना हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढला होता.

जेवण दस्मानच्या बाजूला, समुद्राकाठच्या एका मोठ्या ओट्यावर झालं. हवा जानेवारीची, मऊ. जेवता जेवता दादांनी सवयीने बोटाच्या पेराने खालच्या फरशीवर टकटक केलं. लादीवाला कुठेही बसला, देवळात बसला तरी हे करणारच.

"ही पोकळ आसा," ते स्वतःशीच म्हणाले.

बाईंनी ऐकलं. "म्हणजे तुम्हाला नुसत्या आवाजावरून कळतं?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण गेल्या दोन वर्षांत कुणी आमच्या कामाबद्दल असं विचारलं नव्हतं. मी छाती काढून म्हणालो, "डोळे बांधले तरी सांगतील, ताई."

झालं! तीसेक जण भोवती जमले. कुणी रुमाल काढला. दादांनी हसत डोळे बांधून घेतले, गुडघ्यावर बसले आणि खिशातल्या नाण्याने एकेक फरशी ठोकत निघाले. भरीव, भरीव, पोकळ. लोक टाळ्या वाजवत होते. एकाने स्वतः ठोकून खात्री केली, दादांचं बरोबर. मग त्यांनी रुमाल काढला, पण थांबेनात. "हयसून पुढे बगा," म्हणत रांगत उजवीकडे सरकत राहिले. मी त्यांच्या बाजूला नव्हतो. मी बाईंना पोकळी कशी राहते, खालचं सिमेंट कसं पसरायचं, ते समजावत होतो.

उजवीकडे तीन पायऱ्या होत्या. पांढऱ्या, रुंद, भर दुपारच्या उन्हात. लहान मुलालाही दिसल्या असत्या. दादांनी पुढची फरशी ठोकायला हात टाकला तो हवेत गेला, आणि ते खांद्यावर खाली आले.

लागलं फारसं नाही. "कामात गुंग झाले," म्हणून लोक हसले. दादाही हसले. भाई हसले नाहीत. ते पायऱ्यांकडे बघत होते, मग दादांच्या डोळ्यांकडे, मग माझ्याकडे.

परतीला बसमध्ये मी दादांच्या शेजारी बसायला गेलो तर भाई म्हणाले, "तू मागे बस जरा." आणि स्वतः त्यांच्या उजवीकडे बसले. मी मागच्या सीटवर. दादांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. समोर बघत, हातवारे करत बोलत होते, "भाई, आयकलास मा? कसो आवाज इलो! एकय चुकलंय नाय!"

भाईंनी हात वर केला आणि दादांच्या कानाजवळ, वीतभर अंतरावर पाची बोटं हलवली. दादा बोलतच राहिले. "चेडवाक फोनवर सांगतंय आज," म्हणाले, "बाबाक टाळये वाजवले लोकांनी."

मला सीटला लाथ मारता आली असती. खोकता आलं असतं. एवढ्याने दादांनी मान वळवली असती आणि तो हात त्यांना दिसला असता. मी पाय उचललासुद्धा. पण भाई मागे वळून माझ्याकडेच बघत होते. रागाने नाही. दोन वर्षं तू याला जिन्यांवर, परांच्यांवर चढवलंस, आणि पडला असता तर, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी पाय खाली टेकवला.

त्यांनी हात खाली घेतला नाही. दादांच्या कानाशी तसाच धरून ठेवला, मी मान खाली घालेपर्यंत.