विसावी ओळ

परभणीत स्टेशन रोडला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत मी आणि माझा भागीदार, आम्ही दोघांनी एक कोड एडिटर तयार केला. प्रोग्राम लिहिणारे त्यात लिहितात. त्याला नवं काम शिकवायचं तर लुआ या एकाच प्रोग्रामिंग भाषेत स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहावी लागे. वालूरच्या एका शिक्षिकेनं पायथन भाषेची सोय मागितली. तिला तेवढीच भाषा येत होती.

मेंढपाळ कुटुंबांकडचे शब्द ती गोळा करत होती. मेंढ्यांच्या रंगांचे, दुखण्यांचे, हाकांचे. मेंढवाड्यात बसून थेट लॅपटॉपवर टाइप करायची. वहीत काही नाही. ते शब्द नीट लावायला तिला स्क्रिप्ट हवी होती.

पायथनचं बाइंडिंग, म्हणजे एडिटरच्या आतली कामं त्या भाषेतून करून घ्यायचा दुवा, मी लिहिलं. चाचण्या भागीदारानं घेतल्या.

"एखादी मराठी फाईल घे," मी म्हणालो.

"कोड इंग्रजीतच असतो राजे. चालायलंय ना? मग सोडू."

मी आधी दैनिकात होतो. प्रूफ वाचल्याशिवाय पान सोडायचं नाही, एवढं तिथं शिकलो होतो. तरी अडवलं नाही. नव्या आवृत्तीचं रिलीज झालं.

पायथन अक्षरं मोजत होतं, आमचा एडिटर बाइट, म्हणजे अक्षर साठवायला लागणारे कप्पे. इंग्रजीत दोन्ही आकडे सारखेच येतात. मराठीत एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. दिवसभर मराठीत भांडणाऱ्या आम्ही दोघांनी मराठीची एक ओळ तपासली नव्हती. तिच्या स्क्रिप्टनं फोल्डरमधली प्रत्येक फाईल भलत्याच जागी कापली आणि सेव्ह केली.

ती एसटीनं आली. लॅपटॉप टेबलावर उघडला. स्क्रीनभर प्रश्नचिन्हं.

"मॅडम, बॅकअप ठेवत जा की," भागीदार म्हणाला.

"ठेवलेला. त्याच फोल्डरात. बिनधास्त वापरा, असं तुमीच लिहिलं होतं ना सर?"

तो हसला. "शब्दच तर हायेत. परत विचारा."

"कुणाला? मेंढ्या विकून ऊसतोडीला गेले ते. उन्हाळ्यात येतील. मेंढ्याच न्हाईत, तर शब्द कशाला ठेवतील?"

त्याचं ते हसणं मी माफ केलेलं नाही. माझं न अडवणंही नाही. तिच्यासमोरच मी रिलीज मागे घेतलं.

"एका बाईसाठी?" त्यानं विचारलं.

मी तिला खुर्ची दिली, आठवतील ते शब्द सांगा म्हणालो. तिनं एकोणीस सांगितले. मग म्हणाली, "अंग पांढरं, कान तेवढे काळे, तिला काय म्हणायचे..." आणि तिनं लॅपटॉप मिटला.

आता आमची पहिली चाचणी त्या एकोणीस शब्दांवर होते. फाईलमधली विसावी ओळ रिकामी आहे. भागीदारानं ती दोनदा काढली. दोन्ही वेळा मी परत घातली.