शेजारणीची भाची आणि तिची दहा बोटं

गप्प बसून माणसाच्या पोटातलं सगळं काढून घेणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, ती म्हणजे माझ्या शेजारणीची भाची. राहते बजाजनगरात, आणि स्कूटीवरून गावभर हिंडून घरोघरी बायका-पुरुषांना व्यायाम शिकवते. याला आता पर्सनल ट्रेनर म्हणतात. पहिल्या दिवशी मात्र ती व्यायाम अजिबात शिकवत नाही. दारात आली की आधी चपला उलट्या करून बघते, टाच कुठल्या बाजूनं झिजलीय ते. मग माणसाला खुर्चीवर बसवते, हाताची घडी घालायला लावते आणि कशालाही न धरता ऊठ म्हणते. नंतर वही उघडून एक प्रश्न विचारते आणि तोंड मिटते. अंगठा एकेका बोटावरून फिरत असतो, दोन्ही हातांची दहा बोटं होईपर्यंत. तेवढ्या वेळात समोरचा माणूस कधी ना कधी फुटतोच. कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंनी पोट कमी करायला तिला बोलावलं होतं. हिनं एवढंच विचारलं, "झोप लागते का?" बाई अर्धा तास रडल्या. एक रिटायर साहेब चार बोटांतच कबूल झाले, की जिना चढताना छातीत दाटतं. हिनं वही मिटली. "आधी डॉक्टरची चिठ्ठी आणा, साहेब. त्याबिगर मी एक बैठक मारू देणार नाय." त्याच साहेबांना मी वर्षभर तोंडावर सांगत होते, की तुम्ही लठ्ठ झालात. मला त्यांनी छातीचं कधी सांगितलं नाही.

खरं सांगायचं तर ही बाई मला पहिल्यापासून खुपली. मी चौथीपर्यंत शिकले, पण या गल्लीत कुणाला काय होतंय ते बघितल्याबरोबर मी सांगायचे. लोक माझ्याकडं यायचे. आता तिच्या स्कूटीची वाट बघतात. बोललेलं पुन्हा बोलून दाखवायची तिला सवय आहे. "म्हणजे उतरताना दुखतं, चढताना नाय, असं ना?" म्हणाली की लोक खुलतात. मी कुणाचं बोलणं पुन्हा बोलून दाखवलं तर म्हणतात, म्हातारी चिडवते.

तिची परीक्षा घ्यावी म्हणून एकदा मीच तिला घरी बोलावलं. तिनं दारातली चप्पल उलटी केली. "काकू, डाव्या टाचेवर लई भार टाकता तुम्ही."

"सुनेची चप्पल आहे ती," मी म्हणाले. वाटलं, आता हिचं तोंड उतरेल. तिनं शांतपणे वहीत लिहिलं आणि म्हणाली, "व्हय का? मग त्यांनाबी पाठवा एकदा." मग तिनं विचारलं, "काकू, तुम्हाला काय जमावं असं वाटतं?" आणि अंगठा फिरायला लागला. मीही गप्प बसले. दहा बोटं झाली, परत दहा झाली, आत दूध उतू गेलं तरी मी हलले नाही. शेवटी तिनं ती ओळ कोरी सोडली. "जागा ठेवते," एवढंच म्हणाली.

माझं खरं दुखणं वेगळंच होतं. तिची मावशी, म्हणजे माझी शेजारीण कौसल्या, आणि मी, चाळीस वर्षं दर मंगळवारी रिक्षानं शहागंजला भाजी आणायला जायचो. सहा महिने झाले, ती येईना. कधी डोकं दुखतंय, कधी पाहुणे येणार आहेत. इकडं भाचीबरोबर मात्र भिंतीला हात टेकून व्यायाम करताना तिचं हसणं माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं. मी ठरवून टाकलं, की भाचीच्या नादानं हिला शिंगं फुटली. तरी एकदा भाचीला गाठून विचारलंच, की मावशी तुला माझ्याबद्दल काय सांगते?

"ते मावशीचं हाय, काकू. मी कसं सांगू? त्यांनाच विचारा."

दुसऱ्या दिवशी कौसल्या मेथी निवडत बसली होती. मी समोर बसून विचारलं, "शहागंजला का येत नाहीस?" आणि तोंड मिटून काड्या मोजायला लागले. तीन काड्यांनंतर जीभ वळवळली. तेव्हा मी दातात पदर धरला. सातव्या काडीला कौसल्या बोलली.

"रिक्षातून उतरताना पाय लटपटतो. दोनदा न्हाणीत पडले."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला? संध्याकाळपर्यंत गल्लीभर केलं असतंस, कौसल्या म्हातारी झाली म्हणून."

हे खरं नव्हतं. मी दुपारपर्यंतच केलं असतं. सात काड्यांचं काम होतं, आणि चाळीस वर्षांत मी तिच्यासाठी तीनच्या पुढं कधी थांबले नव्हते.

पुढच्या खेपेला मी स्वतः भाचीला हाक मारली आणि वही काढ म्हणाले. "लिही. कौसल्येचा हात धरून शहागंजला रिक्षातून उतरायचंय. पण कोण कुणाला धरतंय, ते भाजीवालीला कळता कामा नये."

तिनं लिहिलं. "म्हणजे दोघींना संगंच उतरायचंय, असं ना?"

मी हो म्हणाले. ज्या बाईशेजारी मी चाळीस वर्षं बसले, तिच्याबद्दलचं हे वाक्य या पोरीच्या तोंडून ऐकावं लागलं, याचा राग मला अजून आहे. तो जाईल असं वाटत नाही.

शहागंज अजून झालेलं नाही. रोज सकाळी आमच्या ओसरीत भाचीनं मांडून दिलेल्या जाड पाटावर कौसल्या चढते, उतरते. एक हात माझ्या खांद्यावर असतो. मला फक्त दहापर्यंत मोजायचं काम दिलंय. मोजणं संपेपर्यंत मी मध्ये काही बोलत नाही, आणि कौसल्या तेवढ्यात काय काय सांगून जाते.