शेठजी दर थंडीत मला कोबी का देतात

ही गोष्ट सांगायची मी नऊ वर्षं टाळली. सांगायला निघालो की माझा डावा पाय दुखायला लागतो. (तो बरा होऊनही जवळजवळ तेवढीच वर्षं झाली, ते सोडा.)

मुलगा जर्मनीत राहून परतला आणि पुण्याहून सॉसेजची दोन पाकिटं घेऊन जळगावला उतरला. "नाना, कोबी घालून असा रस्सा करू, की तुम्ही भरीत विसराल!" आमच्याकडे सामिष शिजवायचं तर नियम पक्का: गच्चीवर, तीन विटांच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात आणि पुरुषांनीच. रस्सा उकळायला लागला, मुलगा पाव आणायला गेला आणि मी डाव धरून राखणीला बसलो.

तेवढ्यात खालून बायको किंचाळली, "अहो, शेठ वर ई राह्यनात!" (घाबरली की ती माहेरच्या बोलीवर येते.)

शेठजी म्हणजे आमचे शेजारी, कापडाचे व्यापारी, माझे जुने मित्र. त्यांच्या घरात सात पिढ्यांत अंडंसुद्धा शिरलेलं नाही! मी हातातल्या डावाने सॉसेज कोबीखाली दडपू लागलो.

"क्या बात है, नाना! काय शिजतंय?"

"कोबी."

"अरे वा! कांदा-लसूण?"

"छे, छे!" (त्या दिवशी मी खरं बोललो ते इथपर्यंतच.)

ते पातेल्यात वाकले. "आणि हे लाल लाल?"

"गाजर."

"गाजर तर माझ्या आवडीचं!"

"पण फार तिखट झालंय हो, शेठ…"

"खानदेशात केस पिकले माझे, मला तिखटाची भीती घालता?"

म्हणाले आणि माझ्या हातातला डाव घेऊन त्यांनी रस्सा भरला. फुंकर मारली. डाव ओठांशी नेला. आणखी एक फुंकर, की सात पिढ्या बुडाल्या! खरं सांगायला एक शब्द पुरला असता. पण माझी जीभ टाळूला चिकटलेली. पाय मात्र मोकळा होता. मी पातेल्याला लाथ मारली आणि ओरडलो, "शेठ, धक्का लागला तुमचा!"

दचकून त्यांच्या हातातला डाव पडला. उकळता रस्सा आला तो थेट माझ्याच पायावर!

शेठजी पांढरेफटक. एक कावळा सॉसेज उचलून कठड्यावर बसला.

"नाना, कावळा गाजर खातो?"

"जळगावचा आहे," मी कण्हत म्हणालो, "आज केळं मिळालं नसेल."

पुढे पंधरा दिवस शेठजी दुकान सोडून माझ्या पायाला मलम लावायला येत. "माझ्या हातून झालं, नाना," म्हणत डोळे पुसत. खरं सांगायला मी रोज तोंड उघडायचो आणि रोज "आई गं!" एवढंच बाहेर पडायचं. दुसऱ्याच्या घरी डावाला हात लावायचा नाही, असा त्यांनी तेव्हापासून नेम घेतला. शिवाय दर थंडीत भरपाई म्हणून एक कोबी.

गेल्या मंगळवारी मात्र मी त्यांच्या घरी गेलोच. वाक्य पाठ केलं होतं: शेठ, लाथ माझी होती आणि ते गाजर नव्हतं.

शेठजींनी दार उघडलं. हल्ली त्यांचे हात थरथरतात. आधी माझ्या पायाकडे पाहिलं.

"शेठ, मला तुमची…"

"थांबा, थांबा." आत जाऊन त्यांनी दोन गड्डे आणले आणि माझ्या हातांत दिले. "नाना, आता तरी माफ केलंत ना मला?"

मी दोन्ही गड्डे छातीशी धरले.

आणि मी त्यांना माफ केलं!